चार पहारेकरी आणि एक जावळ

इंडोनेशियातल्या सोलो शहरातल्या केमुनिंग वस्तीच्या चौथ्या गल्लीत बू वार्सिनी यांच्या घरी एक संगणक आला, आणि त्याला विषाणूंपासून कोणी राखायचे हा प्रश्न गल्लीसमोर उभा राहिला. (तिकडे बाईला बू म्हणतात, बाप्याला पा आणि तरुणाला मास.) वास्तविक प्रश्न एकट्या बू वार्सिनींचा होता. पण या गल्लीत एकट्याचा असा प्रश्न नसतो. कोणाच्या घरी मांजर व्याली तरी पिल्लांची वाटणी बैठकीत होते. आणि बैठकीत कोणी कोणाला नाही म्हणत नसल्यामुळे मागच्या खेपेला तीन पिल्लांना सात मालक मिळाले होते.

संगणक मुलीने, तियासने, रॉटरडॅमला बसूनच मागवून आईच्या घरी पोचता केला होता. कारणही तसंच होतं. तियासला मुलगा झाला होता आणि येत्या रविवारी त्याचं जावळ काढायचं होतं. पहिली बट आजीने कापायची, ही त्या घराची रीत. पण आजी सोलोत आणि बाळ रॉटरडॅममध्ये. तेव्हा असं ठरलं, की आजीने पडद्यावरून दुआ म्हणायची, मग 'बिस्मिल्लाह' म्हणायचं, आणि त्या शब्दासरशी तिकडे जावयाने कात्री चालवायची. बट जावयाने कापली तरी शब्द आजीचा. म्हणजे कापली आजीनेच. बू वार्सिनींचा स्वतःचा फोन बटणांचा होता. त्यात आवाज यायचा, नातू यायचा नाही. म्हणून हा संगणक.

तो मांडून द्यायला दुकानातून मास त्रियोनो आला होता. जाता जाता तो म्हणाला, "बू, यात एखादा अँटिव्हायरस टाकून घ्या हं. बाजारात पुष्कळ आहेत."

"कुठला चांगला रे?"

"सगळेच चांगले, बू."

"मग वाईट कुठला?"

मास त्रियोनो विचारात पडला. "वाईट असा... तसं काही म्हणता यायचं नाही," असं म्हणून त्याने चहा संपवला आणि मोटरसायकल सुरू केली.

बू वार्सिनी शांत बाई. सोमवार-गुरुवारचे उपास, पहाटेची नमाज, दारातल्या मोगऱ्याला पाणी, यात कधी खंड नाही. उभ्या आयुष्यात त्या कोणाला वाकडं बोलल्या नव्हत्या, आणि गेल्या कित्येक वर्षांत 'नाही' हा शब्द त्यांनी फक्त कोंबड्यांना उद्देशून वापरला होता. अशा बाईने स्वतः निर्णय घेऊन मोकळं व्हावं, तर ते नाही. त्या गेल्या गल्लीप्रमुखांकडे.

गल्लीप्रमुख पा हार्दोयो जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. खातं सुटलं तरी मोजणी सुटली नव्हती. पारव्याला दाणे घालता घालता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बू, हा तुमचा खासगी प्रश्न नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "विषाणू येतो कुठून?"

"तारेतून म्हणतात."

"तार येते कुठून?"

"तुमच्या दारावरून, पा."

"म्हणजे तो आधी माझ्या दारावरून जाणार. मग लेगिमानच्या. मग सुमिराहच्या. तुमच्याकडे शेवटी. बैठक घ्यावी लागेल."

"पण पा, रविवारी जावळ आहे."

"म्हणूनच तातडीची बैठक," पा हार्दोयो म्हणाले, आणि त्यांनी पारव्याच्या पिंजऱ्यावर कापड टाकलं. त्यांच्याकडे काम सुरू झाल्याची ती खूण असे.

बैठक त्यांच्याच ओसरीवर भरली. चटया अंथरल्या होत्या, मोगऱ्याचा वास असलेला गोड चहा होता, तळलेल्या तेम्पेच्या, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांच्या, ताटल्या फिरत होत्या. इतिवृत्त स्वतः प्रमुख लिहीत. कामकाजाचा नियम एकच, आणि तो सर्वांना पाठ: मतदान करायचं नाही, कारण मतदानात कोणीतरी हरतो आणि हरलेल्याला उद्या सकाळी तोंड दाखवायचं असतं. त्यापेक्षा सूचना मांडायची. कोणी काही बोललं नाही, की सर्वानुमते मंजूर.

पा हार्दोयोंनी सुरुवात केली. "'गरुडकवच' नावाचा एक आहे. अत्यंत भरवशाचा. माझा जावई विकतो, हा भाग वेगळा."

कोणी काही बोललं नाही. गरुडकवच मंजूर झालं.

मग रात्रीच्या गस्तीचे नाईक पा लेगिमान यांनी घसा साफ केला. त्यांनी पिशवीतून एक खोकं काढलं. त्यावर वाघ होता. "हा 'वाघपहारा'. मी जास्त बोलत नाही. दात बघा."

खोकं हातोहात फिरलं. सर्वांनी दात बघितले. दात चांगले होते. वाघपहारा मंजूर झाला.

सकाळी तांदळाची पेज विकणाऱ्या बू सुमिराह कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांची जीभ गल्लीत सर्वांत धारदार, आणि म्हणून त्या बैठकीत फार कमी बोलत. पण दोन सूचना आल्या आणि आपली एकही नाही, हे त्यांना बरं दिसेना. "माझ्या दिराकडे एक आहे," त्या म्हणाल्या. "फुकट मिळतो. शिवाय मधूनमधून गाणं लावतो."

फुकट वस्तूला कोण हरकत घेणार? त्याला नावही धड नव्हतं; इतिवृत्तात तो 'दिराचा' म्हणून नोंदला गेला.

बू वार्सिनींनी हळूच विचारलं, "दुकानातूनच आत एक घालून आलाय म्हणे. त्याचं काय करायचं?"

"आत राहतोय?" पा हार्दोयोंनी चष्मा वर केला. "किती दिवस?"

"संगणक आला तेव्हापासून."

"मग तो घरातलाच झाला. घरातल्याला हाकलायचं, हे आपल्या गल्लीत बसत नाही."

अशा रीतीने 'घरचा' धरून चार झाले. तेव्हा बू सुमिराहने वाघाचं खोकं उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेली. "पा, इथे लिहिलंय, दुसरा अँटिव्हायरस असेल तर आधी काढून टाका. दोन एकत्र ठेवू नका."

 पा हार्दोयोंनी खोकं घेतलं, वाचलं आणि ते मंद हसले.

"हे परदेशी लोकांसाठी लिहिलेलं असतं. त्यांना शेजार माहीत नाही."

सर्वांना हायसं वाटलं. तेम्पेची आणखी एक ताटली आली.

बू वार्सिनींना मात्र घरी येऊन झोप लागेना. चार पहारेकरी एका दारात उभे राहिले तर आत यायला वाट कुठे उरणार, हा साधा हिशेब त्यांना कळत होता. पण ज्यांनी प्रेमाने सुचवलं त्यांना नको कसं म्हणायचं? मग त्यांना म्बाह कार्तो, म्हणजे कार्तोआजोबा, आठवले. लग्न ठरवायचं असो, घराचा पाया खणायचा असो की म्हैस विकायची असो, दोघांचे जन्मवार बोटांच्या पेरांवर मोजून जमतं की नाही ते म्हातारा सांगत असे. म्बाह कार्तोंनी एखाद्याला नाही म्हटलं, तर तो नकार वारांचा होईल. बू वार्सिनींचा होणार नाही.

सकाळी त्या केळी घेऊन गेल्या. म्बाहने संगणक घरी आल्याचा वार विचारला, चारही अँटिव्हायरसचे वार विचारले (पा हार्दोयोंच्या जावयाने आपल्या मालाचा वार मोठ्या अभिमानाने कळवला होता) आणि डोळे मिटून पेरं मोजली.

"उत्तम जमतंय," ते म्हणाले. "चारही."

"चारही, म्बाह? एकाचंही अडत नाही?"

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दोघांचं मुळीच जमत नाही, पोरी. पण कोणत्या दोघांचं ते विचारू नकोस. दोन्ही घरी मी जेवलेलो आहे."

मंगळवारी स्थापना झाली. ज्याची सूचना त्याचा हात, या न्यायाने प्रत्येकाने आपापला अँटिव्हायरस स्वतः बसवला. बसवताना दर वेळी पडद्यावर एक लांबलचक मजकूर यायचा आणि खाली 'मला मान्य आहे' असं बटण. पा हार्दोयोंनी ते तात्काळ दाबलं. पा लेगिमाननीही दाबलं. बू सुमिराहने बोटाची पेज पदराला पुसून दाबलं.

"काय लिहिलं होतं गं?" बू वार्सिनींनी विचारलं.

"कोण वाचतंय? पण एवढं लिहिलंय बिचाऱ्याने, तर मान्य म्हणायला आपलं काय जातं?"

आणि मग पहारा सुरू झाला.

पहिल्याच संध्याकाळी वाघपहाऱ्याने कळवलं, की घरात एक संशयास्पद इसम आहे, नाव गरुडकवच. गरुडकवचाने लगोलग कळवलं, की वाघ नावाचा एक प्राणी कपाटं उचकत आहे. घरच्याने दोघांविरुद्ध तक्रार नोंदवली. दिराच्याने गाणं लावलं. प्रत्येक तक्रारीखाली तीन बटणं असत: 'हटवा', 'राहू द्या' आणि 'नंतर विचारा'. हटवायचं तर ज्याने बसवला त्याचा अपमान. राहू द्यायचं तर ज्याने तक्रार केली त्याचा. बू वार्सिनींना तिसरं बटण फार आवडलं. ज्याने कोणी ते शोधून काढलं तो नक्की सोलोचाच असणार, असं त्यांना वाटलं. त्या दर वेळी 'नंतर विचारा' दाबत. आणि चौघेही सज्जन असल्यामुळे दर थोड्या वेळाने पुन्हा विचारत.

संगणकाचा वेगही हळूहळू उपास सुटायची वाट बघणाऱ्याच्या घड्याळाचा झाला. गुरुवारी सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानला त्यांनी तियासच्या फोटोंवर टिचकी मारली, खजूर खाल्ला, नमाज झाली, भात झाला, भांडी झाली, आणि मग नातवाचं कपाळ दिसलं. हनुवटी यायला रात्रीची, इशाची नमाज उजाडली.

"तुझ्या घरी चार पहारेकरी आहेत गं," बू सुमिराह म्हणाल्या, "फक्त राहायला घर उरलं नाही."

"त्यातला एक तुझा आहे."

"माझा निदान गातो तरी."

गल्लीतही त्याचे पडसाद उमटले. आपल्या गरुडाला लेगिमानचा वाघ चोर म्हणतो, हे पा हार्दोयोंच्या कानावर गेलं. आपल्या वाघाला प्रमुखांचा गरुड जनावर म्हणतो, हे पा लेगिमानना कळलं. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी इतकं गोड बोलू लागले, की गल्लीतल्या बायकांनी मुलांना रस्त्यावरून घरात बोलावलं. इथे भांडण असंच ओळखतात.

शुक्रवारी बू वार्सिनींनी धीर केला. प्रमुखांच्या ओसरीवर त्या बराच वेळ पारव्याचं कौतुक करत बसल्या, आणि अखेर म्हणाल्या, "पा, मी म्हणत होते... चारमधला एखादा जर... थोडे दिवस विश्रांतीला..."

"कुठला काढू म्हणता?" पा हार्दोयोंनी अत्यंत मृदू आवाजात विचारलं.

समोरच्या ओट्यावर पा लेगिमान गस्तीच्या बांबूला तेल चोळत होते. त्यांचा हात थांबला. बू सुमिराहची पळी पातेल्यात थांबली. एक नाव घ्यायचं होतं. फक्त एक. बू वार्सिनींच्या डोळ्यांपुढे ती बट आली, इवलीशी, काळीभोर. आणि ओठांवर आलेलं नाव त्यांनी चहाबरोबर गिळलं.

"असू दे, पा. राहू देत सगळे."

"मला वाटलंच. चौघे वाईट नाहीत हो. त्यांना नियम नाही, म्हणून भांडतात." आणि पा हार्दोयोंनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पाटीकडे बोट केलं. एका दिवसापेक्षा जास्त राहणाऱ्या पाहुण्याने गल्लीप्रमुखास कळवावे, असं त्यावर कित्येक वर्षं लिहिलेलं होतं. "आपली गल्ली या एका पाटीवर सुरक्षित आहे. हाच नियम आत लावू."

ते त्याच दुपारी आले. त्यांनी चारही अँटिव्हायरसच्या पोटात शिरून 'सौम्य' होतं तिथे 'कडक' केलं, आणि 'अनोळखी आल्यास' या प्रश्नापुढे 'अडवा' असं निवडलं. गंमत म्हणजे त्यानंतर चौघे शांत झाले. एकमेकांवरच्या तक्रारी थांबल्या. दिराच्याचं गाणंसुद्धा बंद झालं.

"बघा," पा हार्दोयो म्हणाले. "काम मिळालं की माणसं सुधारतात."

रविवारी दुपारी बू वार्सिनींच्या घरात चटया अंथरल्या गेल्या. गुळाची लाल-पांढरी खीर वाट्यांत भरून ठेवली होती, खोबरं घातलेली पालेभाजी होती, शंकूसारखा रचलेला भात होता. रॉटरडॅमला सकाळ होती. गल्ली पडद्याकडे तोंड करून बसली. म्बाह कार्तोंना पुढची जागा दिली होती, कारण त्यांना लांबचं दिसत नसे. बू वार्सिनींनी ठेवणीतलं बाटिक नेसलं होतं, आणि त्या मनातल्या मनात दुआ घोकत होत्या.

ठरल्या वेळी संगणकाला काहीतरी झालं. एक हलकी घंटी वाजू लागली आणि तत्क्षणी तुटली. पडद्यावर वाघ आला: अनोळखी पाहुणी परदेशातून आत येऊ पाहत होती, अडवली आहे. त्यावर गरुड आला: वाघपहाऱ्याशी सहमत. घरच्याने दुजोरा दिला. दिराच्याने विजयाचं गाणं लावलं.

पुन्हा घंटी वाजली. पुन्हा चौघांनी मिळून ती अडवली.

"एकमत झालं," पा हार्दोयो भारावून म्हणाले. "लेगिमान, पाहिलंत? एकमत झालं चौघांचं."

"तुमच्या गरुडाचा मोठेपणा, पा."

"नाही नाही, वाघाने पुढाकार घेतला."

आठवडाभराचं वैर त्या क्षणी विरघळलं, आणि दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले. म्बाह कार्तोंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी म्हटलं होतंच, जमतंय," ते म्हणाले.

"ती पाहुणी नाही," बू वार्सिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका लहान होता, की तो फक्त बू सुमिराहला ऐकू आला. "ती माझी तियास आहे."

"पा," बू सुमिराह मोठ्याने म्हणाल्या, "तुमचे चौघे घरच्या मुलीला दारात उभं करून एकमेकांना हार घालताहेत."

कोणी काही बोलायच्या आत पा हार्दोयोंच्या खिशात फोन वाजला. गल्लीतून परदेशी गेलेल्या प्रत्येकाकडे आणखी कोणाचा असो-नसो, प्रमुखांचा नंबर असतोच. पलीकडे तियास होती. "पा, आईचा संगणक मला घरात घेत नाही. बाळ जागं आहे तोवर जरा फोन तिच्यापुढे धरता का?"

फोन मध्यावर आला, आणि सगळी गल्ली त्याच्याभोवती गोळा झाली. त्याची काच तडकलेली होती. त्याला कुलूप नव्हतं, पहारा नव्हता. कोणाकोणाचे खेळ, पारव्यांच्या स्पर्धा, केस उगवायच्या तेलाच्या जाहिराती, जे येईल ते त्यात सुखाने नांदत होतं.

"पा, यात अँटिव्हायरस कुठला आहे?" बू सुमिराहने विचारलं.

"माझ्या फोनात?" पा हार्दोयोंना प्रश्न कळलाच नाही. "प्रमुखाच्या फोनात कोण शिरणार?"

आणि तडकलेल्या काचेत नातू उगवला. जागा होता, गुबगुबीत होता, जांभई देत होता. त्याला मांडीवर घेतलेली तियास दिसत होती आणि बाजूला कात्री घेतलेला जावई. बू वार्सिनींनी दोन्ही तळवे वर केले आणि दुआ म्हटली. गल्लीने आमीन म्हटलं. जावयाने बट चिमटीत धरली. आता फक्त एक शब्द.

तेवढ्यात बाळ नाहीसं झालं. त्याच्या जागी लाल अक्षरं आली: तुमच्या फोनात विषाणू आहेत. आत्ताच तपासायचे? खाली दोन बटणं, 'हो' आणि 'अर्थातच'.

"तपासून घेऊ," पा हार्दोयो म्हणाले, आणि त्यांचं बोट निघालं.

"तपासलेलं बरं," पा लेगिमान म्हणाले.

"एवढं विचारतोय बिचारा," म्बाह कार्तो म्हणाले.

सर्वानुमते मंजूर व्हायला बोटभर अंतर उरलं होतं. बू वार्सिनींनी गल्लीप्रमुखांचं मनगट धरलं.

"नको," त्या म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण बाहेर पारवा घुमायचा थांबला म्हणतात. पा हार्दोयोंनी स्वतःच्या मनगटाकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कोणाचं होतं. बू वार्सिनींनी काचेच्या कोपऱ्यात तिळाएवढी फुली शोधली आणि दाबली. लाल अक्षरं गेली. बाळ परत आलं, अजून तीच जांभई देत.

"बिस्मिल्लाह," आजी म्हणाली, आणि कात्री चालली.

मग खीर वाटली गेली. पा हार्दोयोंनी ती गुमान खाल्ली, दुसरी वाटी मागून घेतली, आणि खाऊन झाल्यावर इतिवृत्ताची वही काढली. गल्लीच्या इतिहासात प्रथमच बैठकीत 'नको' आला, हे लिहायचं कसं, याची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. बराच वेळ पेन हवेत राहिलं. अखेर त्यांनी लिहिलं: 'बू वार्सिनी यांनी नको असे सुचवले. कोणी काही बोलले नाही. सबब सर्वानुमते मंजूर.'

त्या नकोच्या जोरावर दुसऱ्या दिवशी सगळे अँटिव्हायरस निघायला हवे होते. निघालेही. पण त्यांच्या जागी एक ठेवायचा होता, आणि तो कुठला, हे ठरवायला बैठक घ्यावी लागली. तिच्यात आणखी दोन नवी नावं पुढे आली आहेत, दोन्ही चांगली आहेत आणि एकाचा बसवणारा म्बाह कार्तोंचा भाचा आहे. तोवर संगणकावर बाटिकचं कापड टाकून वर मोगऱ्याची कुंडी ठेवली आहे. त्यात अद्याप एकही विषाणू शिरलेला नाही, असं पा हार्दोयो सर्वांना सांगतात. बू वार्सिनी नातवाला रोज प्रमुखांच्या फोनात बघतात.

त्या बैठकीचं इतिवृत्त फिरत फिरत आपल्या हातात आलेलं आहे. दोन्ही नवे अँटिव्हायरस आपल्याही घरी बसवावेत अशी सूचना त्यात मांडलेली होती. आपण इथवर वाचत आलात आणि मध्ये कुठेही काही बोलला नाहीत. प्रमुखांनी त्याप्रमाणे नोंद घेतली आहे. ते मंगळवारी येतील. चहा गोड घेतात.